पंचांकडे कोण पाहतं?

“काका, मी बीमवरून एकदाही पडले नाही. तरी सात पॉइंट नऊच?”

आमच्या बदलापूरच्या इमारतीतल्या नऊ वर्षांच्या मुलीने जिन्यात अडवून मला हा प्रश्न विचारला, तेव्हा तिच्या तळहाताच्या रेघांत अजून पांढरी पूड अडकलेली होती. पहाटेची लोकल पकडून ती आईबरोबर ठाण्याला स्पर्धेला गेली होती. केस जेल लावून इतके चापून बसवलेले, की भुवया वर ओढल्यासारख्या दिसत होत्या. मी क्रिकेटवर वाढलेला माणूस. चौकार म्हणजे चार आणि आउट म्हणजे आउट, एवढंच मला कळतं. पडली नाही तर गुण गेले कुठे, हे मला काही सांगता येईना. हे प्रकरण त्या राहून गेलेल्या उत्तरापायी लिहिलं आहे.

नंतर माहिती घेतली, तर तिचं गणित तसं अवघड नव्हतं. मोठ्यांच्या स्पर्धेतली बीम पाच मीटर लांब, जमिनीपासून सव्वा मीटर उंच आणि दहा सेंटिमीटर रुंद असते; हाताची चार बोटं आणि अंगठा जुळवून ठेवला की साधारण तेवढी रुंदी होते. त्यावर काय केलं याचे गुण वेगळे आणि कसं केलं याचे वेगळे. ‘कसं’ मोजताना पंच दहापासून निघतात आणि वजा करत जातात. बारीक चूक ०.१, मधली ०.३, ठळक ०.५, पडलं तर पूर्ण १. पाय ताणला पण पंजा सैल राहिला, ०.१ गेला. तोल सावरायला हात हलला, ०.१ गेला. उतरताना मोठं पाऊल पडलं, ०.३ गेले. वाण्याची यादी दहा-दहा रुपयांनी फुगत जाते ना, तसे मिनिटभरात हिचे २.१ गेले. सराव करून घेताना ताई हॉलभर “टोज्! गुडघे बांध!” असं ओरडत असतात, ते याच दशांशांपायी.

हे समजावल्यावर तिने विचारलं, “पण मोजणाऱ्याचं चुकलं तर?”

या प्रश्नाशी जिम्नॅस्टिक्स गेली पन्नास वर्षं झगडतंय.

आपल्या मल्लखांबाला पूर्वी हा प्रश्न पडत नव्हता. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी ही विद्या उभी केली. निजामाच्या मुलखातून आलेल्या अली आणि गुलाब या पहिलवानांचं आव्हान, देवधरांचं सप्तशृंगीला जाणं आणि वानरांच्या उड्या पाहून शिकणं ही कथा आखाड्याआखाड्यातून अजून सांगतात. तिथे परीक्षा म्हणजे वस्तादाची नजर. अढी घट्ट बसली, दसरंग सुटा निघाला, उडी मारून पोरगा दोन्ही पायांवर सरळ उभा राहिला, की वस्ताद मान हलवणार. ती हलली नाही, तर पोरगा पुन्हा एरंडेल चोपडलेल्या लाकडाला जाऊन भिडणार. १९३६ मध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळ दाखवून आलं, तेही प्रात्यक्षिक होतं. तिथे गुण द्यायला कुणी बसलं नव्हतं.

गुण आले ते स्पर्धेबरोबर. १९६२ मध्ये ग्वाल्हेरच्या राष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स स्पर्धेत मल्लखांबाला जागा मिळाली. पुढे ती गेली. अखेर १९८१ मध्ये उज्जैनला मल्लखांबाने स्वतंत्र अखिल भारतीय स्पर्धा मांडली. आज मल्लखांबालाही नियमपुस्तक आहे, उड्यांच्या प्रती ठरलेल्या आहेत, वेळ मोजली जाते. २०२१ मध्ये दादरच्या हिमानी परबला अर्जुन पुरस्कार मिळाला, मल्लखांबातला पहिला. २०२४ मध्ये उदय देशपांडे सरांना पद्मश्री मिळाली. वस्तादाच्या मानेच्या जागी कागद आला, तेव्हा आखाड्यातले जुने लोक हळहळले असतील. मला ती हळहळ पटत नाही. वस्तादाची नजर कितीही तयारीची असली, तरी तिच्यावर अपील करायची सोय नव्हती.

कागद आला म्हणून न्याय आला, असंही मात्र झालं नाही. १८ जुलै १९७६ रोजी माँट्रियलमध्ये चौदा वर्षांच्या नादिया कोमानेचीने असमांतर बारवर दहापैकी दहा मिळवले. फलकावर आकडा उमटला १.००, कारण दोन आकडी पूर्णांक दाखवायची सोयच त्या फलकात केलेली नव्हती. दहा मिळतीलच कशाला, असं धरून यंत्र बनवलं होतं! त्यानंतर मात्र दहांचा सुकाळ झाला. सगळेच दहाच्या आसपास पोहोचल्यावर वरच्या दोघांत फरक करायचा कसा, हे पंचांना कळेना.

२००४ च्या अथेन्समध्ये हे सगळं अंगावर आलं. दक्षिण कोरियाच्या यांग ते-योंगच्या समांतर बारच्या संचाची सुरुवात १० पासून धरायची, ती पंचांनी ९.९ पासून धरली. वैयक्तिक सर्वांगीण स्पर्धेत तो तिसरा आला. तो ०.१ मिळाला असता तर गुणांच्या बेरजेत तो पहिला होता. चूक मान्य झाली, तीन पंच निलंबित झाले, सुवर्णपदक मात्र अमेरिकेच्या पॉल हॅमकडेच राहिलं. त्याच आठवड्यात रशियाच्या अलेक्सेई नेमोव्हला आडव्या बारवर ९.७२५ मिळाले आणि प्रेक्षकांनी इतका गदारोळ केला की पंचांनी आकडा वाढवून ९.७६२ केला. पदक मात्र त्याला मिळालंच नाही. लोकांना शांत करायला शेवटी नेमोव्ह स्वतःच पुढे आला. या दोन घटनांत मला दुसरी जास्त लाजिरवाणी वाटते. पहिल्या घटनेत पंच मोजायला चुकले. दुसऱ्या घटनेत ते आवाजाला घाबरले.

२००६ पासून दहाची परंपरा मोडली. अवघडपणाचे गुण एका गटाने द्यायचे, त्याला वरची मर्यादा नाही. सफाईचे गुण दुसऱ्या गटाने द्यायचे, तिथे दहातून वजाबाकी. सफाईच्या पंचांतला सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा आकडा बाजूला काढून उरलेल्यांची सरासरी घ्यायची. स्वतःच्या देशाकडे झुकलेला एखादा पंच असलाच, तर त्याचा झुकाव त्या बाजूला काढलेल्या आकड्याबरोबर जातो.

ही पद्धत समजून घ्यायची तर १४ ऑगस्ट २०१६ ची रिओतली व्हॉल्टची अंतिम फेरी पाहावी. त्रिपुराच्या दीपा कर्माकरने दोन उड्या मारल्या. पहिलीत अवघडपणाचे ६.०, सफाईचे ८.८६६, मिळून १४.८६६. दुसरी उडी प्रोदुनोव्हा. धावत येऊन हात टेबलावर टेकवायचे, तिथून सुटून हवेत दोन कोलांट्या घ्यायच्या आणि पायांवर उतरायचं. अर्धी कोलांटी कमी पडली तर मानेवर. तिला ‘मृत्यूची उडी’ म्हणायचे ते उगाच नाही. अवघडपणाचे ७.०. दीपा उतरली, पण इतकी खोल बसली की बूड जवळजवळ चटईला टेकलं. सफाई ८.२६६, एकूण १५.२६६. दोन्हींची सरासरी १५.०६६. स्वित्झर्लंडच्या गिउलिया श्टाइनग्रूबरचे १५.२१६. कांस्यपदक ०.१५ ने हुकलं.

मोठं पाऊल पडलं तर जेवढं जातं, त्याच्या निम्मं अंतर. आमच्या जिन्यातल्या मुलीला हे सांगितलं तेव्हा ती बराच वेळ बोटांवर काहीतरी मोजत बसली.

दीपावर अन्याय झाला, असं तेव्हा आपल्याकडे पुष्कळांनी म्हटलं. पंचांनी अन्याय केला नव्हता; ती खोल बसली होती आणि तेवढं कापलं गेलं. पण पुढच्या नियमावलीत प्रोदुनोव्हाची किंमत ७.० वरून ६.४ वर आली. इतर व्हॉल्टच्या किमतीही घटल्या, तरी यामागे एक विचार होता: जीव धोक्यात घालून मारलेल्या उडीला मोठं बक्षीस ठेवलं, तर मुली जीव धोक्यात घालणारच. पंचांचं टेबल फक्त झालेल्या उडीला गुण देत नाही, पुढच्या वर्षी जगभरच्या हॉलमध्ये काय शिकवलं जाणार, तेही ठरवतं. २०१९ मध्ये अमेरिकेच्या सिमोन बाइल्सच्या बीमवरून उतरण्याच्या उडीला अपेक्षेपेक्षा कमी किंमत मिळाली, तेव्हा आंतरराष्ट्रीय संघटनेने सुरक्षिततेचंच कारण दिलं. बाइल्सला ते पटलं नाही. मला वाटतं दोघांचंही थोडंथोडं खरं होतं.

आता मोजणाऱ्याच्या चुकीवर दाद मागता येते. २०१२ मध्ये लंडनला जपानच्या कोहेई उचिमुराच्या गुणांवर जपानने रोख शुल्क भरून हरकत घेतली. निकाल फिरला, जपान चौथ्या स्थानावरून रौप्यपदकावर गेला आणि युक्रेनच्या पोरांचं कांस्यपदक गेलं. २०२४ मध्ये पॅरिसला तर सेकंदांवर आलं. अमेरिकेच्या जॉर्डन चाइल्सचे फ्लोअरचे गुण हरकतीनंतर १३.६६६ वरून १३.७६६ झाले आणि ती तिसरी आली. हरकत एका मिनिटात घ्यायला हवी होती, ती चार सेकंद उशिरा घेतली, असं क्रीडा लवादाने ठरवलं. कांस्यपदक रोमानियाच्या आना बार्बोसूला गेलं. अमेरिकेने आपली हरकत वेळेतच होती असं दाखवणारी चित्रफीत पुढे केली, आणि वाद स्वित्झर्लंडच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. चाइल्सच्या कसरतीबद्दल आता कुणाचं काही म्हणणं नव्हतं. भांडण होतं ते घड्याळाचं आणि ते घड्याळ पाहणाऱ्यांचं.

म्हणून यंत्रं आली. २०१९ च्या श्टुटगार्टच्या जागतिक स्पर्धेत जपानी कंपनी फुजित्सूची सांध्यांचे कोन मोजणारी यंत्रणा काही साधनांवर वापरली गेली, २०२३ मध्ये अँटवर्पला सगळ्या साधनांवर. गुडघा किती अंश वाकला, हे ती सांगते. बीमवर चालताना मुलगी नाचतेय की नुसती चालतेय, हे सांगणं अजून माणसाकडेच आहे.

पंचांवर नजर बसली, ती अशी हळूहळू. संघटना चालवणाऱ्यांवर मात्र ती फार उशिरा बसली, आणि आपल्याकडे तर त्याहून उशिरा. दीपा रिओला गेली तेव्हा भारतीय जिम्नॅस्टिक्स महासंघात गटबाजी चालू होती आणि सरकारी मान्यतेचा घोळ वर्षानुवर्षं सुटत नव्हता. त्या काळात जी मुलं वयाच्या ऐन बहरात होती, त्यांची ती वर्षं परत मिळणार नाहीत. या खेळात बहर पाच-सात वर्षांचाच असतो.

२०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई खेळांसाठी निवड चाचणीत दीपा पहिली आली. तरीही तिला पाठवलं नाही, कारण सरकारी निकषात तिचे आकडे बसत नव्हते. उत्तेजक चाचणीतल्या दोषामुळे २१ महिने बाहेर राहिलेली मुलगी जुन्या आकड्यांत बसणार तरी कशी, हे निकष लावणाऱ्याने पाहायला हवं होतं. मे २०२४ मध्ये ताश्कंदला त्याच दीपाने १३.५६६ गुणांनी आशियाई अजिंक्यपद जिंकलं. असं सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय जिम्नॅस्ट ठरली. ऑक्टोबरमध्ये तिने निवृत्ती घेतली. निवड समितीचे गुण कुणी मोजतं का? मोजत असते, तर त्या वर्षी पुष्कळ दशांश कापले गेले असते.

आपल्या राज्याचंही सांगितलं पाहिजे. सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला क्रीडागुण मिळतात. त्याच्यामागे लागून काही जणांनी ट्रॅम्पोलिन आणि पॉवरलिफ्टिंगसारख्या खेळांची बोगस प्रमाणपत्रं मिळवली. ट्रॅम्पोलिन म्हणजे जिम्नॅस्टिक्सचीच शाखा. २०२२ मध्ये तर ज्यांच्याकडे अशी प्रमाणपत्रं असतील त्यांनी ती आपणहून परत करावीत, असं क्रीडा खात्यालाच सांगावं लागलं. ज्यांनी ट्रॅम्पोलिनवर कधी पाय ठेवला नव्हता, त्यांच्या कागदावर कुणीतरी सही केली होती. ती सही करणाराही एक प्रकारचा पंचच.

आणि त्याच वर्षी जून महिन्यात ठाण्याच्या संयुक्ता काळेने पंचकुलाच्या खेलो इंडिया युवा स्पर्धेत रिदमिक जिम्नॅस्टिक्समध्ये पाच सुवर्णपदकं मिळवली. तिला शिकवणारी पूजा सुर्वे स्वतः रिदमिकची खेळाडू. खेळून आलेल्या बाईने शिकवायला उभं राहणं, ही ठाण्याकडची चांगली गोष्ट आहे. तिला सांगावं लागत नाही की घोटा दुखतो म्हणजे काय.

घोट्यावरून आठवलं. २३ जुलै १९९६ रोजी अटलांटात अमेरिकेच्या केरी स्ट्रगने दुखावलेल्या घोट्यावर दुसरी व्हॉल्ट मारली, एका पायावर उभी राहिली आणि कोसळली. प्रशिक्षक बेला कारोलीने तिला उचलून आणलं, जगाने टाळ्या वाजवल्या. नंतर हिशेब केला तर अमेरिकेचं सुवर्ण त्या उडीशिवायही पक्कं होतं. ते तेव्हा कुणी तिला सांगितलं नाही. पंचवीस वर्षांनी, २७ जुलै २०२१ रोजी टोकियोत सिमोन बाइल्सला हवेत आपण कुठल्या बाजूला आहोत तेच कळेनासं झालं. अडीच गिरक्यांची उडी दीड गिरकीवर संपली. तिने वॉर्मअप जॅकेट चढवलं आणि सांगितलं, मी खेळणार नाही. पुष्कळ शिव्या खाल्ल्या. २०२४ मध्ये सत्ताविसाव्या वर्षी ती पुन्हा सर्वांगीण विजेती झाली. या खेळातला दृष्टिकोन बदलला म्हणतात, तो या दोन जुलैंच्या मध्ये बदलला.

तो आपोआप बदलला नाही. जानेवारी २०१८ मध्ये मिशिगनच्या न्यायालयात सात दिवस १५६ जणींची निवेदनं झाली. अमेरिकन संघाचा डॉक्टर लॅरी नासर याने उपचाराच्या नावाखाली वर्षानुवर्षं मुलींवर अत्याचार केले होते. तक्रारी आधीही झाल्या होत्या. ऐकणारे पदकं मोजण्यात गुंतले होते. जून २०२२ मध्ये ब्रिटनमध्ये ॲन व्हाइट यांचा अहवाल आला, त्यासाठी चारशेहून अधिक लोकांनी आपले अनुभव कळवले होते. मुलींना उपाशी ठेवणं, दुखापतीवर सराव करायला लावणं, वजनकाट्यावर सगळ्यांसमोर उभं करणं, याला तोवर ‘शिस्त’ म्हणत होते. आपल्याकडेही २०२२ मध्ये अरुणा बुद्दा रेड्डीने, परवानगीशिवाय आपल्या तंदुरुस्ती चाचणीचं चित्रीकरण केलं गेलं, अशी तक्रार केली. विश्वचषक स्पर्धेत पदक मिळवलेल्या खेळाडूला हे बोलावं लागतं, तर नऊ वर्षांच्या पोरीने कुणाला सांगायचं?

बदलापुरात राहणाऱ्याला हे लिहिताना हात जड होतो. ऑगस्ट २०२४ मध्ये इथल्या एका शाळेत दोन चिमुरड्यांवर अत्याचार झाल्याचं उघड झालं. २० तारखेला लोक स्थानकात रुळांवर उतरले आणि दिवसभर लोकल अडली. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, शाळांतल्या सुरक्षिततेसाठी समिती नेमली. त्या दिवसानंतर आमच्या इमारतीतल्या आयांची भाषा बदलली. आधी विचारायच्या, “क्लास चांगला आहे का हो?” आता विचारतात, “आत कोण कोण असतं? बाई असते का? कॅमेरा कुठे आहे?”

मला माझंही एक आठवतं. काही वर्षांपूर्वी मी नात्यातल्या एका मुलीला एका जिम्नॅस्टिक्स क्लासला सोडायला जात असे. नाव सांगत नाही. हॉलच्या खिडक्यांना आतून काळी फिल्म लावलेली होती. पालक बघत बसले की मुलांचं लक्ष उडतं, असं सरांनी सांगितलं, आणि मी मान डोलावली. दीड तास बाहेर पायरीवर बसून पेपर वाचायचो. आतून आवाज यायचे: “पोट आत! जास्त खाल्लंस का?” मुलगी बाहेर यायची तेव्हा गप्प असायची. मला वाटायचं, दमली असेल. चार महिन्यांनी तिने जाणं सोडलं. का सोडलं, हे मी तिला तेव्हा विचारलं नाही. सरांनी मला वाईट वागवलं नव्हतं. मी स्वतःच बघायचं सोडून दिलं होतं.

ऑलिंपिकच्या पंचांवर आता कॅमेरे आहेत, हरकतीची सोय आहे, लवाद आहे. गल्लीतल्या क्लासवर यातलं काहीच नाही. तिथे वस्तादाची नजर अजून अंतिमच आहे.

जिन्यातल्या मुलीच्या हॉलमध्ये मात्र दाराशी एक लाकडी बाक आहे. तिची आई दर शनिवारी त्यावर बसते, मोबाइल पर्समध्ये ठेवून. आईने मागितला म्हणून ताईंनी तो ठेवला. पुढच्या स्पर्धेत मुलीला ८.२ मिळाले. पंजे ताणलेले होते, उतरताना एक छोटं पाऊल पडलं.

तुमच्या मुलीला क्लासला घालायला जाल तेव्हा फी, मेडलं आणि फोटो नंतर बघा. आधी विचारा, आम्ही बसायचं कुठे?